चार मैल म्हणजे काय लांब झालं का?

गेल्या अंकात ‘वुदरिंग हाइट्स’वर पानभर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बऱ्याच जणांना एकच गोष्ट खटकलीय, की ही प्रेमकथा आहे की भुताची गोष्ट की भाऊबंदकी, नक्की काय? आलेल्यातली आठ पत्रं घेतलीत, काहींना लांबलचक उत्तर दिलंय, काहींना दोन ओळीत, त्यात राग मानू नका.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरचा माळ, तिथं दोन घरं. वर टेकाडावर वुदरिंग हाइट्स, अर्नशॉ लोकांचं, दगडी, शेतीवाडीवालं. खाली दरीत थ्रशक्रॉस ग्रेंज, लिंटन लोकांचं, बाग आणि झुंबरवालं. म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलच्या रस्त्यावरून एक बेवारस पोरगं उचलून आणतो, तो हीथक्लिफ. त्याचं आणि घरातल्या कॅथरीनचं जमतं, पण ती लग्न करते एडगर लिंटनशी, मग हा तीन वर्षं गायब, आणि परत येतो तो पैसेवाला होऊन, आणि मग दोन्ही घरं, दोन्ही घरांची पोरं, सगळं हळूहळू गिळतो. कॅथरीन अठराव्या वर्षीच बाळंतपणात जाते. हे सगळं सांगते घर सांभाळणारी नेली डीन, आणि ऐकतो लॉकवुड नावाचा शहरी भाडेकरू, जो आजारी पडून अंथरुणात आहे. एमिली ब्राँटेची ही एकच कादंबरी, डिसेंबर 1847 मध्ये एलिस बेल या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावानं छापली, आणि पुढच्याच वर्षी 19 डिसेंबरला ती तिसाव्या वर्षी गेली.

आता प्रश्न.

ताई, मी एम.ए.ला आहे. आमचे सर म्हणतात गॉथिक म्हणजे पडका किल्ला, तळघर, दुष्ट सरदार आणि त्याच्या तावडीतली मुलगी. इथं तर शेतकऱ्याचं घर आहे, मेंढ्या आहेत, चुलीवर पेज शिजतेय. मग गॉथिक का म्हणायचं? (सांगलीहून एक विद्यार्थिनी)

सर बरोबरच सांगतायत, फक्त ते सुरुवातीचं सांगतायत. 1764 साली होरेस वॉलपोलनं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली तिथून हा प्रकार सुरू झाला असं धरतात, आणि ती घडते कुठे तर इटलीत. मग 1794 ला ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ आली, तिचा किल्ला पण इटलीतच, आपेनाइन डोंगरात. म्हणजे बघा, इंग्रज वाचकाला घाबरायचं तर होतं पण स्वतःच्या गावात नाही, लांब कुठंतरी, परक्या लोकांच्यात, जुन्या काळात. मग जेन ऑस्टिननं याची मस्त टिंगल केली, ‘नॉर्थँगर ॲबी’मधली मुलगी असल्या कादंबऱ्या वाचून एका जुन्या कपाटात गूढ कागद शोधते आणि सापडतं काय तर धोब्याचं बिल.

एमिलीनं काय केलं असं मला विचाराल तर तिनं धोब्याचं बिलही ठेवलं आणि भूतही ठेवलं. हीच गंमत आहे सगळी. पहिल्याच प्रकरणात लॉकवुड घर बघतो, खिडक्या अरुंद, भिंतीत खोल बसवलेल्या, कोपऱ्यांना मोठे दगड पुढे आलेले, दारावर झिजलेली नक्षी, 1500 हा आकडा आणि हेअर्टन अर्नशॉ हे नाव. ही आपल्याकडची गढीच की हो. पण आत जावं तर छताखाली गाईचं, मेंढीचं, डुकराचं मांस टांगलेलं, कथलाची ताटं रचलेली, फडताळाखाली कुत्री. पुढे एकदा तो पाहुणा म्हणून जरा गोड बोलायला जातो, कोपऱ्यात गादीवर काहीतरी केसाळ दिसतं, त्याला वाटतं मांजरं असतील, “तुमची लाडकी वाटतं ही?” असं विचारतो आणि बघतो तर मेलेल्या सशांचा ढीग. हे वाचून हसू येतं आणि पोटात गोळाही येतो, दोन्ही एकदम.

सरांची यादी घेऊन बसलीस तर सगळं सापडेल तुला. किल्ल्याच्या जागी दगडी शेतघर. कोठडीच्या जागी लाकडी पेटीसारखा बंद पलंग, ज्याच्या आत एक खिडकी आहे. दुष्ट सरदार हीथक्लिफ. डांबून ठेवलेली मुलगी म्हणजे कॅथरीनची लेक कॅथी. हिंडलीकडे, म्हणजे कॅथरीनच्या भावाकडे, पिस्तूल आहे ज्याच्या नळीला स्प्रिंगचं दुधारी पातं बसवलंय, याहून गॉथिक हत्यार काय असणार. पण गुप्त दरवाजा मात्र एकही नाही, साधी कुलपं आहेत, साध्या किल्ल्या, आणि त्या हीथक्लिफच्या खिशात. परीक्षेत हे लिही. आणि हे पण लिही की एमिली स्वतः घरची भाकरी भाजायची, म्हणजे त्यांचा पाव, कणीक मळता मळता समोर जर्मन पुस्तक उघडं ठेवून. तिला भूत स्वयंपाकघरात आणायला काही अवघड गेलं नसणार.

लेखात तुम्ही ‘निर्जन, एकाकी घर’ असं चार वेळा लिहिलंय. दोन घरांतलं अंतर फक्त चार मैल. आमच्याकडे शाळेला एवढं चालत जायचो आम्ही. चार मैल म्हणजे काय लांब झालं का? (राजापूर तालुक्यातून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, पकडलंत. अगदी पकडलंत, आणि तुमच्या या एका ओळीमुळं मी परत पुस्तक काढून बसले, रविवार गेला माझा.

खरंच लांब नाहीये. पुस्तकातच बारा-तेरा वर्षांची कॅथरीन आणि हीथक्लिफ वरच्या घरापासून खालच्या बागेपर्यंत न थांबता पळत जातात, ती तर अनवाणी, बूट चिखलात रुतून गेलेले. आणि लेखिकेचं म्हणाल तर ब्राँटे बहिणी हॉवर्थहून कीथलीला पुस्तकं आणायला पायी जायच्या, ते पण साधारण चारच मैल, जाऊन येऊन आठ. हॉवर्थ गावही काही रानात नव्हतं, कापडगिरण्या होत्या, वर्दळ होती.

तर मग एकाकीपण येतं कुठून? मला वाटतं ते अंतरातून येतच नाही, ते येतं फाटकातून. सुरुवातीलाच लॉकवुड घोड्यावरून येतो, मालक फाटकावर रेलून उभा आहे, “या” म्हणतो पण फाटक काही उघडत नाही, घोड्यानं छातीनं ढकलायला लागल्यावर मग साखळी काढतो. दुसऱ्या दिवशी साखळी निघतच नाही म्हणून हा उडी मारून आत जातो, दार ठोकतो, दाराला कडी, आणि जोसेफ नावाचा म्हातारा गडी गोठ्याच्या भोकातून डोकं काढून हुसकावतो. बाहेर बर्फ सुरू झालेलं. आत घेतल्यावर परत जायची वाट दाखवायला कुणी तयार नाही, तो घरातल्या तरुण विधवा सुनेला, म्हणजे त्याच कॅथीला, विनवतो, तर ती म्हणते मी कशी येणार, मला तर बागेच्या भिंतीच्या टोकापर्यंतही जाऊ देत नाहीत. हे एक वाक्य बघा. चार मैल सोडा, तिला चाळीस पावलं नाहीत.

आणि खालच्या घरात दुष्ट कुणी नाही, बाप प्रेमळ आहे, तरी तीच गत. ही कॅथी तेरा वर्षांची होईपर्यंत बागेच्या आवाराबाहेर एकटी गेलेलीच नाही, गिमर्टन हे शेजारचं गाव तिच्यासाठी नुसतं एक नाव. वाचकालाही एमिली गावात नेत नाही हे लक्षात आलं का तुमच्या? तीसेक वर्षांची गोष्ट, डॉक्टर तिथून येतो, वकील तिथून येतो, बँडवाले येतात नाताळात, पण गावात आपण एकदाही धड जात नाही. म्हणजे गाव आहे, माणसं आहेत, देऊळ पण आहे म्हणजे चॅपल, आणि तरी कुणाचा उपयोग नाही.

सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. हीथक्लिफ नेलीला आणि कॅथीला घरात कोंडतो, कॅथीचं आपल्या मरायला टेकलेल्या मुलाशी जबरदस्तीनं लग्न लावायला. नेली पाच रात्री आणि चार दिवस आत. बाहेर कुणी शोधत नाही का? शोधतात ना, पण गिमर्टनमध्ये बातमी पसरते की दोघी दलदलीत बुडाल्या. लोकांनी मानून टाकलं! माळावर दलदल आहे, माणसं बुडतात, विषय संपला. हे मला कुठल्याही तळघरापेक्षा भीतीदायक वाटतं, की शेजाऱ्यांकडे तुमच्या गायब होण्याचं कारण आधीच तयार आहे. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, “विहिरीत पाय घसरला” हे वाक्य किती घरांत किती सोयीचं पडलंय.

तेव्हा तुमची हरकत मान्य, ‘निर्जन’ शब्द मागे घेते. ‘एकाकी’ मात्र ठेवते.

लॉकवुडला दिसतं ते भूत खरं की स्वप्न? एक काय ते सांगा. (पुण्याहून एक वाचक)

एक काय ते लेखिकेनंच सांगितलेलं नाही तर मी कोण सांगणारी. पण प्रसंग परत वाचा. बर्फामुळं अडकलेला लॉकवुड त्या पेटीपलंगात झोपतो, खिडकीवर फरच्या झाडाची फांदी आपटतेय, ती पकडायला तो काच फोडून हात बाहेर घालतो आणि हातात येतात छोटी, बर्फासारखी गार बोटं. “मला आत घ्या” असं एक पोर रडतंय, वीस वर्षं भटकतेय म्हणतंय. आणि हा सुशिक्षित, सभ्य गृहस्थ काय करतो? तिचं मनगट फुटक्या काचेवर ओढून घासतो, रक्तानं चादर भिजेपर्यंत. भूत कुणाला काहीच करत नाहीये हो, माणूस करतोय. मला स्वप्न की खरं यापेक्षा हेच जास्त लागतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. त्याच प्रकरणात जाता जाता सांगितलंय की चॅपलजवळच्या दलदलीतल्या पीटचा ओलावा प्रेतं टिकवून ठेवतो म्हणतात. पीट म्हणजे हजारो वर्षांचं अर्धवट कुजलेलं गवत-शेवाळ, काळं, स्पंजसारखं, वाळवून चुलीत पण जाळतात. त्यात आम्ल असतं, हवा पोचत नाही, म्हणून देह सडत नाही, हे खरंच आहे, उत्तर युरोपात असे शेकडो वर्षांपूर्वीचे देह सापडलेत. आता पुढे शेवटाकडे हीथक्लिफ कॅथरीनची शवपेटी उघडायला लावतो, अठरा वर्षांनी, आणि म्हणतो चेहरा अजून तिचाच आहे. आपल्याला वाटतं वेडा झालाय. पण मातीचं आधीच सांगून ठेवलंय! चमत्कार म्हणा नाहीतर जमिनीचा गुण म्हणा, दोन्ही चालतं. शेतकऱ्याच्या अंगणातलं गॉथिक म्हणतात ते हे असं.

मी दिवाणी वकील आहे. हीथक्लिफनं दोन्ही मिळकती कशा काय हडपल्या? भुतांपेक्षा मला यात जास्त इंटरेस्ट आहे. (नागपूरहून)

वकीलसाहेब, तुमच्यासारखा एक माणूस आधीच होऊन गेला. चार्ल्स पर्सी सँगर, पेशानं वकील, त्यानं 1926 मध्ये या कादंबरीवर एक छोटा निबंध लिहिला, सगळ्या जन्म-मृत्यूच्या तारखा आणि वारसाहक्काचा कायदा तपासून, आणि दाखवलं की बाईंनी कुठं फारसा घोळ घातलेला नाही. चर्चच्या घरात वाढलेल्या मुलीला जमिनीचा कायदा इतका पक्का कसा माहीत असावा याचं त्यालाही नवल वाटलं.

वरचं घर सरळ सावकारी आहे. हिंडलीची बायको जाते, तो दारूत आणि पत्त्यात बुडतो, हीथक्लिफ त्याच्याच घरी राहून त्याला पत्त्याला पैसे पुरवतो, बदल्यात जमीन गहाण. हिंडली मरतो तेव्हा इंच न इंच गहाण पडलेला, गहाणदार हीथक्लिफ. हिंडलीचा पोरगा हेअर्टन, ज्याचं नाव दारावर कोरलंय, तो स्वतःच्या घरात बिनपगारी गडी होतो आणि त्याला ते नाव वाचताही येत नाही. खालचं घर जरा किचकट. एडगरला मुलगा नाही, त्याची बहीण इझाबेला हीथक्लिफबरोबर पळून गेली, तिचा मुलगा लिंटन. जमीन त्याच्याकडे वळणार. पण कॅथीच्या नावावरचे पैसे सुटू नयेत म्हणून ते सक्तीचं लग्न. एडगर मरता मरता शहाणा होतो, मुलीचा पैसा ट्रस्टमध्ये टाकायला वकील बोलावतो, आणि वकील मुद्दाम उशिरा येतो कारण तो आधीच हीथक्लिफला विकला गेलेला. (तुमच्या व्यवसायाबद्दल माझं काही म्हणणं नाही, एमिलीबाईंना विचारा.) पोरगा मरतो, अल्पवयीन असल्यानं जमिनीचं मृत्युपत्र करू शकत नाही, तरी हीथक्लिफ ताबा ठेवतो, आणि नेलीचं म्हणणं काय तर कायदेशीरच असेल बहुतेक, नाहीतरी पैसा नाही, माणूस नाही, ती पोर भांडणार कशी.

एडगर स्वतः मॅजिस्ट्रेट आहे हे विसरू नका. गुरुजींना वर जे सांगितलं त्याला हे जोडून घ्या. कायदा चार मैलांवर नाही, कायदा त्या घरातच राहतोय, आजारी आहे, लायब्ररीत पुस्तक वाचत बसलाय. सासुरवास, गहाणखत, लाच खाल्लेला वकील, हे काढून टाकलं तर हीथक्लिफ नुसता दात ओठ खाणारा खलनायक उरला असता. नेलीला शेवटी प्रश्न पडतो की हा पिशाच्च आहे की रक्तपिपासू कोणी, तिनं तसं वाचलंय कुठंतरी, आणि लगेच तिला आठवतं की अगं मीच तर याला लहानाचं मोठं केलं. आपल्याकडच्या माणसानं तो प्रश्न विचारलाच नसता, सावकार म्हणून ओळखला असता पहिल्या पानात.

मी लीड्सला राहते. टॉप विदन्सला चालत गेलो, हेच ते वुदरिंग हाइट्स म्हणून. चार पडक्या भिंती, छप्पर नाही, सोसाट्याचा वारा, लेक म्हणाली आई यासाठी आणलंस? खरंच तेच घर का?

लेकीला सांगा तिचं बरोबर आहे. तिथं भिंतीवर ब्राँटे सोसायटीनं 1964 साली लावलेली पाटी आहे, वाचलीत का? त्यात साफ लिहिलंय की हे घर धड उभं होतं तेव्हाही कादंबरीतल्या घरासारखं नव्हतं, जागा मात्र एमिलीच्या मनात असू शकेल. पर्यटनाच्या पाटीवर इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. दारावरची नक्षी, दगडी चेहरे वगैरे हॅलिफॅक्सजवळच्या हाय संडरलँड हॉलवरून घेतले असावेत असा अंदाज करतात, एमिलीनं 1838 च्या सुमारास तिकडे लॉ हिल नावाच्या शाळेत थोडे महिने शिकवलं होतं. ते घर आता नाही, पाडलं.

माझं ऐकाल तर पुढच्या वेळी वारा खाऊन झाल्यावर हॉवर्थमध्ये त्यांच्या राहत्या घरासमोर उभ्या राहा. घराला लागूनच दफनभूमी. 1850 मध्ये बॅबेज नावाच्या सरकारी निरीक्षकानं गावची पाहणी केली, गटारं नाहीत, पाणी खराब, सरासरी मरणाचं वय 25.8 वर्षं, आणि 41.6 टक्के लोक सहा वर्षांच्या आत जातात. त्या घरात तर बघा, आई 1821 ला गेली, दोन थोरल्या बहिणी 1825 ला, मग भाऊ ब्रॅनवेल सप्टेंबर 1848, एमिली डिसेंबरमध्ये, धाकटी बहीण ॲन पुढच्या मे महिन्यात. आठ महिन्यांत तीन. बहीण शार्लट 1855 ला, आणि म्हातारे वडील सगळ्यांच्या मागे 1861 पर्यंत राहिले. लोक म्हणतात एवढी मरणं कादंबरीत कशाला, मी म्हणते मोजून कमीच लिहिलीत तिनं.

यावर हिंदी किंवा इंग्रजी पिक्चर कुठला बघू? (नाशिक)

1939 चा लॉरेन्स ऑलिव्हिएवाला जुना आहे, छान दिसतो, पण गोष्ट अर्ध्यावर सोडतो, पुढची पिढी कापलीय, आणि तो माळ कॅलिफोर्नियातला आहे. त्यातली कॅथरीन म्हणजे मर्ल ओबेरॉन, जन्म आपल्या मुंबईतला, आणि तिनं आयुष्यभर ते लपवलं, टास्मानियाची आहे म्हणून सांगायची. गॉथिक हवं असेल तर तिचीच गोष्ट वाचा. हिंदीत दिलीपकुमार-वहिदाचा ‘दिल दिया दर्द लिया’, 1966. गाण्यांसाठी बघा.

राग येणार नसेल तर विचारतो. हे सगळं वादळ, किंचाळ्या, भिंतीवर डोकं आपटणं, अती नाही का वाटत? मला मधेमधे हसू आलं. (कोल्हापूर)

राग कसला, तुमच्याआधी एका बाईला इतकं हसू आलं की तिनं त्यावर अख्खी कादंबरी लिहिली. स्टेला गिबन्स, ‘कोल्ड कम्फर्ट फार्म’, 1932. तोवर इंग्रजीत खेडं म्हणजे चिखल, शाप आणि कोंडलेल्या वासना अशा कादंबऱ्यांचं पीक आलं होतं, त्यांचीच ही फजिती. ससेक्समधलं शेत, गावाचं नावच हाउलिंग म्हणजे ओरडणं, गाईंची नावं ग्रेसलेस, पॉइंटलेस, फेकलेस, एमलेस, आणि माडीवर खोलीत बसून सगळ्या घराला नाचवणारी आडा डूम नावाची म्हातारी, कारण काय तर लहानपणी तिनं लाकडाच्या खोपटात “काहीतरी ओंगळ” पाहिलं होतं. काय पाहिलं ते शेवटपर्यंत कळत नाही. भारी भारी वर्णनांच्या परिच्छेदांवर लेखिकेनं चक्क स्टार दिलेत, प्रवासी गाइडमध्ये हॉटेलांना देतात तसे. आणि फ्लोरा नावाची शहरी मुलगी येऊन या सगळ्यांना एकेक करून सरळ करते, स्वच्छ पडदे, जरा बाहेर फिरायला जा, झालं. एकाकीपणाचा शाप वगैरे काही नसतो, कुणीतरी फाटक उघडून बाहेर जायला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, आधी एमिली मग स्टेला, उलटं केलंत तर एमिलीचं नुकसान होईल.

मी कोकणातल्या एका वाड्यावर भयकादंबरी लिहितेय. अमावस्या, पडकी विहीर, पिंपळ, टिटवीचं ओरडणं सगळं घातलंय, पण वाचून कुणी घाबरत नाही. मराठीत असं कुणी जमवलंय का? आणि मी काय चुकतेय? (देवगडजवळच्या गावातून एक लेखिका)

जमवलंय की, आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं. चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळचे, कविता आरती प्रभू नावानं. ‘रात्र काळी घागर काळी’ 1962 ची, ‘कोंडुरा’ 1966 ची. कोंडुरा ही खरीच जागा आहे, वेंगुर्ल्याकडची, खडकात समुद्र घुमतो तिथली. त्यावर श्याम बेनेगलांनी 1978 मध्ये पिक्चर केला तेव्हा गोष्ट आंध्रकडे नेली, पिक्चर चांगला आहे, पण माझ्या मते तो आवाज गेला. खानोलकरांकडे भीती वर्णनातून येत नाही, घरातल्या माणसांच्या बोलण्यातून येते, देवाधर्माच्या धाकातून येते, कोण कुणाकडे बघतंय यातून येते. ते स्वतः कुडाळला घरची खानावळ चालवायचे हे मला नेहमी एमिलीच्या पावाच्या कणकेबरोबर आठवतं.

तुमची दोन प्रकरणं वाचली. चूक अशी नाही, पण सामान फार झालंय. अमावस्या, पिंपळ, विहीर हे वाचकाच्या ओळखीचं आहे, तो ते बघून “हां, आता भूत येणार” म्हणून सावरून बसतो. त्यातलं एक ठेवा आणि त्याला काम द्या. विहीर ठेवायची तर तिच्यावर पंप किती हॉर्सपॉवरचा, सामायिक आहे का, पाण्याची पाळी कुणाची, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे मला कळू दे, मग मला कळेल की त्या घरातली सून रात्री तिथं का गेली. तुमच्या वाड्याला गडगा आहे, म्हणजे दगडांचं कुंपण, बेडं आहे, म्हणजे त्यातलं फाटक, ते बेडं रात्री कोण लावतं हे दोन प्रकरणांत कुठंच आलेलं नाही! घरातल्या मोलकरणीला तुम्ही फक्त किंचाळायला ठेवलंय, तिला जरा गोष्ट सांगू द्या, तिला सगळं माहीत असतं. आणि तिला मालवणीत बोलू द्या, पुस्तकी करू नका. एमिली गेल्यावर शार्लटनं 1850 च्या आवृत्तीत जोसेफची यॉर्कशायरी बोली सौम्य केली, दक्षिणेतल्या लोकांना कळावी म्हणून, हेतू चांगलाच होता, पण म्हातारा निम्मा वाया गेला.

आता टिटवी. ती मात्र काढू नका, कारण ‘वुदरिंग हाइट्स’मध्येही टिटवी आहे. तिकडची जात वेगळी, डोक्यावर तुरा असलेली, पण कूळ आपल्या टिटवीचंच. आणि ती ओरडत नाही, ती उशीत आहे.

कॅथरीन तापात आहे, तीन दिवस उपाशी, दार लावून बसलेली. दातांनी उशी फाडते आणि पिसं काढून चादरीवर मांडत बसते, हे टर्कीचं, हे रानबदकाचं, हे कबुतराचं, अगंबाई उशीत कबुतराची पिसं घातलीत, म्हणून मला मरण येईना. (तिकडे तशी समजूत होती, कबुतराच्या पिसांवर जीव जात नाही.) मग एक पीस हातात येतं, ते टिटवीचं. आणि तिला माळावरचं घरटं आठवतं, हिवाळ्यात बघितलेलं, आत पिल्लांचे नुसते सांगाडे. हीथक्लिफनं लहानपणी घरट्यावर सापळा लावून ठेवला होता, मोठी टिटवी जवळ यायला धजली नाही, पिल्लं आतल्या आत उपाशी गेली. तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, पुन्हा टिटवी मारायची नाही, आणि त्यानं पाळलंही. आता तापात ती एकेक पीस उलटून बघतेय, यातलं कुठलं लाल आहे का, मारली का त्यानं माझी टिटवी, बघू दे मला.

आणि नेली काय करते? पोरखेळ पुरे म्हणते, उशी ओढून घेते, भोकं गादीकडे करून ठेवते, काय हा पसारा, बर्फासारखी पिसं उडतायत म्हणून वैतागते, आणि खोलीभर फिरून ती गोळा करायला लागते.